आयसीडब्ल्यूवर बोट पुन्हा पुन्हा तळाला लागते? आधी कारण ओळखा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून आतल्या बाजूने जाणारा इंट्राकोस्टल वॉटरवे, म्हणजे आयसीडब्ल्यू, व्हर्जिनियातल्या नॉरफोकला सुरू होतो आणि मायामीपर्यंत सुमारे १,०९० मैल जातो. नद्या, खाड्या, दलदली आणि खोदलेले कालवे एकमेकांना जोडून केलेली ही वाट. थंडी सुरू व्हायच्या आत फ्लोरिडा गाठायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिडाच्या बोटींची रीघ लागते, आणि त्यात आपली मराठी मंडळीही असतात. त्यांची दर हंगामात एकच तक्रार कानावर येते: "वाटेच्या लाल-हिरव्या खुणांच्या मधूनच चाललो होतो, १२ फूट पाणी असायला हवं होतं, तरी बोट टेकली. कशीबशी काढली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकली."

तक्रार खरी आहे. १२ फूट ही नॉरफोक ते फ्लोरिडातलं फोर्ट पियर्स या टप्प्याची सरकारदरबारी मंजूर झालेली खोली आहे. तिथून मायामीपर्यंत ती १० फूट आहे. प्रत्यक्षात पाणी किती, हे गाळ शेवटचा कधी उपसला त्यावर ठरतं. ते काम अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाकडे, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे आहे, आणि त्यांना पैसा देताना त्या मार्गावरून माल किती जातो हे पाहिलं जातं. इथली बार्जची (सपाट मालवाहू होड्यांची) वाहतूक आटली आणि उपसा मागे पडला. त्यामुळे ओहोटीला पाच फूट, कुठे चारच फूट पाणी उरतं अशा जागा या वाटेवर कायम असतात.

पण "आयसीडब्ल्यू उथळ आहे" एवढ्यावर थांबलं तर उपाय सापडत नाही. बोट टेकण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. भरतीची वाट बघणं जॉर्जियात रामबाण ठरतं. उत्तर कॅरोलिनाच्या अल्बेमार्ल साउंडमध्ये (साउंड म्हणजे किनाऱ्याच्या आतलं रुंद पाणी) मात्र चंद्राची भरती जवळपास पोचतच नाही, त्यामुळे तिथे तासन्‌तास थांबून काही हाती लागत नाही. म्हणून टेकल्यावर पहिल्यांदा हे लिहून ठेवा: कुठे, किती वाजता, वारा कुठून, साउंडर (खोली मोजणारं यंत्र) काय दाखवत होता. त्यावरून पुढचं ठरवता येतं.

साउंडर ६ फूट दाखवत होता, कील साडेपाच फुटांची, तरी टेकली

हे कारण सगळ्यात साधं, म्हणून सगळ्यात आधी तपासायचं. साउंडरचा सेन्सर तळाला, पाण्याच्या पातळीखाली फूट-दीड फुटावर बसवलेला असतो. पडद्यावरचा आकडा सेन्सरपासून मोजलेला आहे, पाण्याच्या पृष्ठभागापासून, की कीलच्या (बोटीच्या पोटाखालच्या खोल कण्याच्या) खालून, हे त्यात भरलेल्या ऑफसेटवर अवलंबून असतं. बोट सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय भरून ठेवलंय ते तपासल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका. धक्क्याला स्थिर उभे असताना दोरीला जड वजन बांधून सेन्सरच्या शेजारी सोडा, तळाला लागल्यावर ओल्या दोरीची लांबी टेपने मोजा आणि साउंडरशी ताडून बघा. मी स्वतः पृष्ठभागापासूनची पूर्ण खोली दाखवायला लावतो, कारण सर्व्हे आणि भरतीचे तक्ते त्याच भाषेत बोलतात आणि ऐनवेळी डोक्यात बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. काहींना कीलखालचं पाणीच बघायला आवडतं. तेही चालेल, फक्त बोटीवरच्या प्रत्येकाला ते माहीत असलं पाहिजे.

दुसरा भाग ड्राफ्टचा, म्हणजे बोट पाण्यात किती खोल बुडते त्याचा. कंपनीच्या माहितीपत्रकातला ड्राफ्ट बहुधा रिकाम्या बोटीचा असतो. लांबच्या प्रवासाला पाण्याच्या टाक्या, डिझेल, साखळी, हत्यारं, दोन महिन्यांचा किराणा भरला की बोट दोन-तीन इंच सहज खाली बसते. इथे दोन-तीन इंच म्हणजे पुष्कळ झाले. बोट पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं त्याची खूण करा, आणि पुढच्या वेळी बोट यार्डात उचलली की त्या खुणेपासून कीलच्या तळापर्यंत मोजा.

धप्पकन आवाज आला पण बोट थांबली नाही, असं झालं असेल तर तो तळ नसून बुडालेला ओंडका असण्याचीच शक्यता जास्त. नॉरफोकहून दक्षिणेकडे दोन वाटा जातात. एक ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यातून) जाणारा व्हर्जिनिया कट, आणि दुसरी १८०५ मध्ये खुला झालेला डिस्मल स्वॅम्प कालवा. या दुसऱ्या कालव्यात पाण्याखाली ओंडके पडलेले असतात आणि खोली सहा फुटांच्या आसपास धरून चालावं लागतं. जागा अतिशय सुंदर आहे, दोन्ही काठांची झाडं वर कमान करतात. पण साडेपाच फुटांच्या कीलला मी तिथे जायला सांगणार नाही. त्यातून गेलातच तर इंजिनाच्या पाण्याची गाळणी रोज उघडून साफ करा, कारण डकवीड ही बारीक हिरवी पाणवनस्पती तिथे थराने तरंगते आणि गाळणीत जाऊन अडकते.

दोन खुणांच्या बरोबर मधोमध होतो, तरी टेकली

असं बहुधा इनलेटपाशी घडतं. इनलेट म्हणजे समुद्राच्या बाजूच्या वाळूच्या बेटांमधली फट. भरतीचं पाणी त्या फटीतून जोराने आत शिरतं, सोबत वाळू आणतं आणि आतल्या रुंद पाण्यात आल्यावर मंदावतं. वेग गेला की वाळू खाली बसते, आणि ती बसते ती नेमकी आयसीडब्ल्यू जिथे ओलांडायचा असतो तिथेच. कोकणातल्या खाड्यांची तोंडं वाळूने भरताना ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. उत्तर कॅरोलिनात ब्राउन्स इनलेट, न्यू रिव्हर इनलेट, कॅरोलिना बीच इनलेट, लॉकवुड्स फॉली आणि शॅलॉट ही नावं नकाशावर लाल पेनाने गोल करून ठेवा. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनच्या दक्षिणेला मतान्झास इनलेट आहे. एक मोठं वादळ आलं की इथला तळ पार बदलतो. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लोरेन्स चक्रीवादळ राइट्सविल बीचपाशी किनाऱ्याला लागलं, त्यानंतर आदल्या वर्षीचा ट्रॅक पकडून जाणं म्हणजे डोळे मिटून जाणंच होतं.

नकाशावर आयसीडब्ल्यूची वाट दाखवणारी किरमिजी रेघ तुम्हाला दिशा सांगते, खोली सांगत नाही. लोक आंधळेपणाने तिच्यावरून जातात म्हणून नोआने (समुद्राचे नकाशे काढणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) २०१३ मध्ये ती काढून टाकायचं ठरवलं होतं. नाविकांनी ती हवी असं कळवल्यावर पुढच्या वर्षी ती ठेवून दुरुस्त करायचा निर्णय झाला. रेघ राहिली हे बरंच झालं, पण इनलेटपाशी तिच्यावरून जाऊ नका.

तिथे भरवसा दोनच गोष्टींवर ठेवायचा. पहिली म्हणजे कोअर ऑफ इंजिनिअर्सचे सर्व्हे. ते सगळ्यांना फुकट बघता येतात, आणि अ‍ॅक्वा मॅपसारख्या अ‍ॅपमध्ये नकाशावर रंगीत थर म्हणून चढवताही येतात. आदल्या रात्री नांगर टाकल्यावर उद्याच्या वाटेवरचं प्रत्येक इनलेट मोठं करून बघा, सर्व्हेची तारीख बघा, आणि सगळ्यात खोल रंगातून स्वतःचा मार्ग आखा. दुसरी गोष्ट म्हणजे तरंगते बोये. कोस्ट गार्ड वाळू सरकेल तसे हे बोये हलवतं आणि गरज पडली तर मध्ये जादा बोये टाकतं. अशा जादा बोयाच्या आकड्यापुढे ए, बी असं अक्षर असतं. प्लॉटरवर (जीपीएस नकाशाच्या पडद्यावर) बोया एकीकडे आणि पाण्यात दुसरीकडे दिसला, तर पाण्यातला खरा धरायचा.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते मधोमध असूनही टेकणाऱ्या बोटींपैकी निम्म्यांना तीच नडते. लॉकवुड्स फॉलीला ओहोटीच्या वेळी पोचलात तर काय दिसतं बघा. उजवीकडून नदी येते, डावीकडे समुद्राची फट आहे, आणि सगळं पाणी डावीकडे ओढलं जातंय. पुढचा हिरवा बोया बोटीच्या नाकासमोर अगदी स्थिर आहे, सुकाणू सरळ आहे, सगळं ठीक वाटतं. आता मान वळवून मागे बघा. मघाशी ज्या बोयाला चिकटून निघालात तो एका बाजूला दूर गेलेला असतो, कारण बोट पुढे जाता जाता खेकड्यासारखी आडवी सरकत असते. साउंडर ११, ९, ८, ७ असा उतरायला लागतो. अशा वेळी नाक पुढच्या खुणेवर धरून चालत नाही. पुढची आणि मागची, दोन्ही खुणा मिळून जी रेषा होते तीवर बोट ठेवायची, मग नाक भलतीकडे का रोखलेलं दिसेना. म्हणून इनलेटवर ऑटोपायलट बंद, वेग दोन-तीन नॉटांवर, आणि दुसऱ्या माणसाचं काम एकच: मागे बघून सांगत राहणं. मागून वेगात येणारी मोटरबोट असेल तर तिला रेडिओवर विनंती करून थांबायला सांगा. उथळ जागेत तिच्या लाटेच्या खळग्यात बोट एकदा आपटली की कीलला दणका बसतो.

डोळ्यांवरही विश्वास ठेवायला शिका. आजूबाजूचं पाणी हलत असताना एखादा पट्टा गुळगुळीत दिसतो, किंवा उलट एकाच ओळीत बारीक लाटा फुटताना दिसतात. दोन्हींखाली वाळू असू शकते. पेलिकन पाण्यात पोहत नसून उभा आहे हे दुर्बिणीतून दिसलं, तर तिथे किती पाणी आहे ते वेगळं मोजायला नको. वळणावर बाहेरच्या अंगाला खोल आणि आतल्या अंगाला गाळ, आणि ओढा येऊन मिळतो तिथे त्याच्या तोंडाशी उंचवटा, हे नदीचे नियम इथेही लागू पडतात.

तक्ता पाहून निघालो, तरी पाणी फूटभर कमी

करिटक, अल्बेमार्ल आणि पाम्लिको या साउंडमध्ये पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्याने. दोन दिवस उत्तरेचा वारा जोरात वाहिला की नॉर्थ लँडिंग नदीतलं आणि करिटकच्या उत्तर टोकाचं पाणी दक्षिणेकडे ढकललं जातं. नोव्हेंबरात थंडीची लाट येते ती नेमका हाच वारा घेऊन, आणि दक्षिणेकडे पळायला तोच वारा सोयीचा म्हणून सगळे त्याच दिवशी निघतात. पाम्लिकोच्या नैर्ऋत्य टोकाला, न्यूज नदीवरच्या ओरिएंटल गावात, हिशेब उलटा आहे: ईशान्येचा वारा पाणी चढवतो, नैर्ऋत्येचा उतरवतो. इथे भरतीचा तक्ता बाजूला ठेवायचा आणि मागच्या दोन दिवसांचा वारा बघायचा. वारा पडला की पाणी आपोआप परत येतं, त्यामुळे वाटेतल्या कोइनजॉक या मुक्कामाला एक रात्र जास्त काढणं हाच बऱ्याचदा पूर्ण इलाज असतो.

जॉर्जिया

जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक असतो, आणि हेल गेट, लिटल मड रिव्हर, जेकिल क्रीक या जागांनी कित्येकांना सहा-सहा तास बसवून ठेवलंय. दुरून मोठे वाटणारे हे प्रश्न गणिताने सुटतात.

समजा सर्व्हेत सगळ्यात उथळ जागी ओहोटीला ४ फूट पाणी आहे, तुमचा ड्राफ्ट साडेपाच फूट, आणि कीलखाली दोन फूट मोकळं पाणी हवंय. म्हणजे वर साडेतीन फूट भरती चढलेली हवी. ८ फुटांची भरती सहा तासांत सारखी चढत नाही. बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक असं पाणी येतं. दोन तासांनी जेमतेम २ फूट, तीन तासांनी ४ फूट. म्हणून पूर्ण ओहोटी झाल्यावर तीन तासांनी त्या जागेवर पोचायचं. चढत्या भरतीतच जायचं, यात तडजोड नको. चढत्या पाण्यात टेकलात तर पंधरा मिनिटांत पाणीच तुम्हाला उचलेल. उतरत्या पाण्यात टेकलात तर दिवस गेला.

अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग हे आपल्याला माहीत असतं, आणि ते तिथेही तंतोतंत लागू पडतं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपली रीत मात्र तिथे चालत नाही. ती आपल्या किनाऱ्याच्या वेळेवर बसवलेली आहे. तिथे नोआचे तक्तेच बघायचे. आणि उधाणाच्या भरतीच्या अगदी शिखरावर उथळ जागेत शिरू नका. तिथे रुतलात तर पुढची प्रत्येक भरती आदल्यापेक्षा थोडी कमी येते, आणि पुढच्या उधाणापर्यंत अडकून पडायची वेळ येऊ शकते.

शिडाच्या बोटीला आणखी एक पेच असतो: डोलकाठी. आयसीडब्ल्यूवरच्या बहुतेक स्थिर पुलांखाली ६५ फूट मोकळी उंची धरलेली आहे, आणि ती मोजलेली असते सरासरी भरतीच्या पातळीपासून. म्हणजे कीलसाठी जेवढं पाणी वाढेल तेवढी डोलकाठीवरची मोकळी उंची कमी होते. काठी ६३ फूट, वर अँटेना आणि वाऱ्याचा काटा मिळून दोन फूट, अशी बोट असेल तर उथळ जागा अर्ध्या भरतीला आणि पूल ओहोटीच्या बाजूला असा दिवस बसवावा लागतो. मायामीतला जुलिया टटल कॉजवेचा पूल तर ५६ फुटांचाच आहे. उंच काठीच्या बोटींना तो टप्पा समुद्रातून गाठावा लागतो.

ज्यांचा ड्राफ्ट सहा फुटांच्या वर आहे त्यांना माझा सल्ला सरळ आहे. हवामान चांगलं असेल तर चार्ल्सटनहून किंवा सव्हानाहून बाहेर पडा आणि सेंट मेरीजच्या तोंडातून फर्नांडिनाला आत या. अख्खा जॉर्जिया टळतो.

एका जागी मात्र वरचा नियम उलटा करायचा. दक्षिण कॅरोलिनात लिटल रिव्हर ते मर्टल बीचच्या टप्प्यात पाइन आयलंड कट आहे, त्याला रॉक पाइल म्हणतात. काठाला खडकाच्या पायऱ्या आहेत आणि भरतीला त्या पाण्याखाली जातात. ओहोटीच्या बाजूला जा म्हणजे त्या दिसतात, मध्यभाग सोडू नका, आणि आत शिरण्यापूर्वी समोरून बार्ज येत नाही ना हे रेडिओवर पुकारून घ्या. वाळूत टेकलं तर वेळ जातो. इथे टेकलं तर बोट फुटते.

लाल-हिरवं बरोबर धरलं, तरी वाटेबाहेर गेलो

मुंबईला किंवा गोव्याला बोट चालवायला शिकलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. समुद्रातल्या खुणांचे नियम ठरवणाऱ्या आयएएलए या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ए विभागात भारत आहे: समुद्रातून बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिका बी विभागात आहे, तिथे बरोबर उलटं. आयसीडब्ल्यूवर नॉरफोकहून फ्लोरिडाकडे जाताना लाल उजव्या हाताला ठेवायचा. दमल्यावर, संध्याकाळच्या उजेडात, जुनी सवय उसळी मारते. सुकाणूशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

यापुढची गुंतागुंत नद्यांवर होते. कॅरोलिना बीचजवळ स्नोज कटमधून बाहेर पडलात की तुम्ही केप फिअर नदीत येता आणि समुद्राच्या दिशेने खाली जाता. नदीच्या खुणा समुद्रातून वर येणाऱ्यांसाठी मांडलेल्या आहेत, म्हणून आता लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे येतो. गोंधळ होऊ नये म्हणून त्याच खुणांवर छोटी पिवळी चिन्हं लावलेली असतात. पिवळा त्रिकोण दक्षिणेकडे जाताना उजवीकडे ठेवायचा आणि पिवळा चौकोन डावीकडे, मग खूण स्वतः लाल असो की हिरवी. दुर्बीण हाताशी ठेवा. ते पिवळे तुकडे लहान असतात आणि पक्ष्यांनी घाण केलेले असतात.

टेकलीच तर

थ्रॉटल लगेच न्यूट्रल करा. जोर लावून पुढे रेटायचा मोह होतो, त्याने कील आणखी रुतते. भरती चढती आहे की उतरती, हे तेवढ्यात ठरवा. चढती असेल तर खोल पाण्याकडे नांगर टाका म्हणजे वारा-प्रवाह बोटीला आणखी वर ढकलणार नाही, आणि थांबा. उतरती असेल तर हातात काही मिनिटंच आहेत. सुकाणू मधोमध धरून थोडा वेळ रिव्हर्स देऊन बघा. जास्त वेळ दिलात तर पंख्याने ढवळलेली वाळू कीलभोवती साचते आणि इंजिनात ओढली जाऊन इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारं चक्र) खराब करते. फिन कील (उभी, पात्यासारखी) असेल तर बोट कलवा: शीड ताणून, किंवा माणसं एका बाजूला नेऊन. काही इंच सुटतात आणि बऱ्याचदा तेवढे पुरतात. विंग कील (तळाशी आडवे पंख असलेली) असेल तर कलवू नका, तिचा पंख खाली जाऊन ड्राफ्ट वाढतो.

तेवढ्याने सुटली नाही तर दुसरा नांगर डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) जिथून आलात त्या खोल बाजूला नेऊन टाका आणि दोर विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) घ्या. ताण धरून ठेवा. पाणी पूर्ण उतरणार हे दिसत असेल तर बोट उंचवट्याच्या बाजूला कलेल असं बघा, नाहीतर पाणी परत चढताना बोट उभी राहायच्या आत कॉकपिट भरू शकतं. खालच्या बाजूच्या खिडक्या आणि झडपा आधीच बंद करा.

जिवाला धोका नसेल तर कोस्ट गार्ड तुम्हाला ओढायला येत नाही. रेडिओच्या चॅनेल १६ वर ते विचारपूस करतात आणि टोइंगवाल्यांशी जोडून देतात. टोइंगची वार्षिक मेंबरशिप निघण्यापूर्वी घ्या. आणि मदतीची बोट आली की दोर बांधू देण्यापूर्वी स्पष्ट विचारा: हे साधं ओढून काढणं धरणार की सॅल्व्हेज, म्हणजे संकटातली बोट वाचवणं? सॅल्व्हेज असेल तर बिल बोटीच्या किमतीच्या हिशेबाने येऊ शकतं आणि ते मेंबरशिपमध्ये बसेलच असं नाही. उत्तर रेडिओवर किंवा लेखी घ्या.

सुटल्यावर गाळणी उघडून वाळू काढा, सुकाणू दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, तळाच्या फळ्या उचलून कीलच्या बोल्टांशी पाणी येतंय का ते तपासा. मग ती जागा मागून येणाऱ्यांसाठी कळवा: अक्षांश-रेखांश, दिसलेली खोली, आणि किती वाजता मोजली ते. वेळ दिली नाही तर भरती वजा करता येत नाही, आणि तुमच्या आकड्याचा कुणाला उपयोग होत नाही.